तडवळ्याचे छायाचित्र आणि त्याखालची नावे

कसबे तडवळ्याच्या परिषदेचे छायाचित्र मी पहिल्यांदा पाहिले ते तडवळ्यात नव्हे. तडवळे माझ्या गावापासून एसटीने तासाभराच्या वाटेवर. पण छायाचित्र आले ते मोबाइलवर, पुण्यात नोकरी करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून. त्याला ते कोणी पाठवले होते आणि त्या कोणाला आणखी कोणी, याचा माग लागत नव्हता. खाली एक ओळ होती: बाबासाहेब आंबेडकर, महार-मांग वतनदार परिषद, कसबे तडवळे, २२ फेब्रुवारी १९४१. मी ते मोठे करून पाहिले. मध्ये बाबासाहेब आणि भोवती परिषदेचे कार्यकर्ते. बाबासाहेब ओळखू आले. बाकीचे कोण?

हा प्रश्न मला त्या दिवशी पडला आणि अजून सुटलेला नाही. त्या निमित्ताने आपल्या तसबिरींचा, म्हणजे आपण कोणाच्या नजरेने पाहिले गेलो आणि आपण स्वतःकडे केव्हा पाहू लागलो याचा, थोडा इतिहास मांडून पाहावा असे वाटते. आपल्या साहित्याचा इतिहास आपण बऱ्यापैकी लिहिला. जलशांचा लिहिला, नियतकालिकांचा लिहिला. चित्रांचा मात्र आपण कधी विषयच केला नाही. ज्या समाजाला पिढ्यान्पिढ्या अक्षर नाकारले गेले त्याने अक्षर मिळताच त्यालाच सर्वस्व मानावे, हे समजण्यासारखे आहे. पण खेड्यापाड्यांतल्या ज्या आयाबायांना अक्षर लागले नाही, त्यांच्यापर्यंत चळवळ पोहोचली ती गाण्यातून आणि भिंतीवरच्या तसबिरीतून, हेही विसरून चालणार नाही.

आधी परिषदेविषयी. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ असे दोन दिवस ती भरली. विषय होता वतन. आजच्या विद्यार्थ्याला 'वतन' म्हटले की जहागीर वाटते, म्हणून सांगितले पाहिजे की महारकी-मांगकीचे वतन हे गुलामीचे मानाचे नाव होते. गावचा सांगावा नेणे, सरकारी वसुलाबरोबर पायी चालणे, येणाऱ्या-जाणाऱ्या अंमलदाराची बरदास्त ठेवणे, सरहद्दीची साक्ष देणे, मेलेले ढोर ओढणे. आणि या सगळ्याच्या बदल्यात तुकडाभर इनाम जमीन व दारोदार फिरून मागायचे बलुते. कामाला वेळकाळ नाही, आणि घरातला एक माणूस कामावर गेला नाही तर दुसऱ्याला धरून नेणार. १८७४ च्या वतन कायद्याने या वेठीला कायद्याची मोहोर लावली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्या कायद्याला दुरुस्तीचे विधेयक आणले, तेव्हापासून हा लढा ते लढत होते. ही वतने कायद्याने रद्द झाली ती १९५८ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर.

तडवळ्याच्या परिषदेचे वेगळेपण तिच्या नावातच आहे. महार आणि मांग. गावगाड्याने या दोन वस्त्यांना एकमेकींविरुद्ध वापरले, एकीच्या बलुत्यावर दुसरीचा डोळा राहील अशी व्यवस्था केली. त्या दोघांची वतनदार म्हणून एकत्र परिषद भरवणे ही १९४१ साली साधी गोष्ट नव्हती. म्हणूनच हा फोटो पुढे मला दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा आला, तेव्हा मी चरकलो. एका प्रतीवर 'महार परिषद' एवढेच उरले होते. दुसरीवर परिषदेचे नावच नव्हते; 'बाबासाहेबांचा दुर्मिळ फोटो, पुढे पाठवा' इतकेच. फोटो तोच, पण मांग बांधव त्यातून निघून गेले होते. कोणी मुद्दाम काढले असे मी म्हणत नाही. ओळ लांब होती, कोणीतरी छाटली. पण छाटताना नेमका कोणता शब्द निरुपयोगी वाटला, याचा विचार आपण करायला हवा.

तडवळ्यालाच परिषद का? बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रूळगाडी १९०७ साली तडवळ्यापर्यंत आली आणि १९११ साली लातूरला पोहोचली. कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरून या लहान गाडीत बसले की माणूस थेट तडवळ्यात. स्टेशनचे नाव कळंब रोड. उस्मानाबादचा मुलूख तेव्हा निजामाचा, आणि निजामी मुलखातल्या आपल्या माणसांना बाबासाहेबांना ऐकायचे तर सोयीची अशी ही जागा. स्टेशनापासून बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, त्यांचा मुक्काम शाळेत होता, हे गावात अजून सांगतात. दरवर्षी २२ फेब्रुवारीला लोक तिथे जमतात. ती अडीच फुटी गाडी आता नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात रूळ रुंद झाले. गाव आहे, स्मृती आहे आणि हे एक छायाचित्र आहे.

आता थोडे मागे जाऊ. मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला तो १८५५ साली. त्याच्या एकच वर्ष आधी, १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती. साहेब आणि शेटमंडळी लेणी, देवळे आणि एकमेकांचे फोटो काढण्यात दंग होती. पुण्यात शिकणाऱ्या या मांगाच्या मुलीपुढे कोणी कॅमेरा उभा केला नाही. तिचे म्हणून आज जे चित्र फिरते ते चित्रकाराच्या कल्पनेतले आहे. कल्पनाचित्र काढण्याला माझा विरोध नाही. तिला चेहरा असावा ही आपली भूक खरी आहे. मात्र त्याखाली 'कल्पनाचित्र' हा शब्द असावा, एवढेच.

आपल्याकडे कॅमेरा वळला तो वेगळ्या कारणाने. इंग्रज सरकारने १८६८ ते १८७५ या काळात हिंदुस्थानातील लोकांविषयीचे आठ खंड फोटोंसह काढले. माणसे उभी केली, फोटो काढले आणि खाली जात लिहिली. निजामाच्या राज्यातील जाति-जमातींवर सय्यद सिराज-उल-हसन यांचा ग्रंथ १९२० साली निघाला. त्याचीही रीत हीच, जातवार प्रकरणे. दरबारी छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी हैदराबादचे वैभव काचेच्या पट्ट्यांवर उतरवले. त्या चित्रांत नबाबाचे, सरदाराचे, पाहुण्या साहेबाचे नाव असते. हत्तीपुढे भाला धरून उभा असलेला माणूस मात्र हत्तीच्या सामानातच मोजला जातो. सारांश, कॅमेऱ्याने माणसे दोन प्रकारची केली: ज्यांना नाव असते ती, आणि ज्यांना फक्त जात असते ती.

तडवळ्याचे छायाचित्र या रीतीला छेद देते. त्यात आपली माणसे स्वतःच्या परिषदेला, स्वतःच्या नेत्याबरोबर, स्वतःच्या इच्छेने कॅमेऱ्याकडे पाहत आहेत. कोणी मोजमापासाठी उभे केलेले नाही. आणि तरीही, मी पाहिलेल्या कुठल्याच प्रतीखाली त्यांची नावे नाहीत. मला इथे राजगृहातले १९३४ सालच्या फेब्रुवारीतले प्रसिद्ध छायाचित्र आठवते. यशवंतराव, बाबासाहेब, रमाई, वहिनी लक्ष्मीबाई, पुतणे मुकुंदराव; आणि पायाशी बसलेल्या कुत्र्याचेही नाव आपल्याला ठाऊक आहे, टॉबी. ते माहीत असावेच. बाबासाहेबांच्या घरातले सर्व आपले आहे. पण वतनाविरुद्ध उभे राहून स्वतःच्या गावाचा रोष ओढवून घेणारा तडवळ्याचा कार्यकर्ता आपल्याला निनावी चालतो, ही गोष्ट मला झोंबते.

आपल्या घरात तसबीर आली कशी, याचाही इतिहास आहे. 'जनता'सारख्या पत्रात चित्र छापायचे म्हणजे जस्ताचा ठसा करून घ्यावा लागे, आणि त्याला पैसा पडे. कागदालाच पैसा नव्हता, तिथे चित्र कुठले? त्यामुळे पहिल्या पिढीने बाबासाहेबांना पाहिले ते एक तर प्रत्यक्ष सभेत, नाही तर कोणी सांगितलेल्या वर्णनातून. कोल्हापूरच्या बिंदू चौकात भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने ९ डिसेंबर १९५० रोजी महात्मा फुले आणि बाबासाहेबांचे पुतळे बसले, बाबासाहेबांच्या हयातीतच. आमच्याकडे तसबिरी आल्या त्या १९५६ नंतर. नागपूरच्या दीक्षाभूमीवरून आणि दादरच्या चैत्यभूमीवरून परतणारा माणूस गुंडाळी करून चित्र आणायचा. निळा कोट, हातात ग्रंथ. किंवा वर बुद्ध आणि खाली बाबासाहेब. तालुक्याच्या गावी काच-चौकट करून देणारा एखादा दुकानदार असे. देव्हारा उतरला आणि त्याच खिळ्याला ही चौकट लागली. चौकटीच्या कडेला, काचेच्या आत, घरातल्या माणसांचे लहान फोटो खोचलेले असत: शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी काढलेला मुलाचा, गिरणीच्या पासावरचा बापाचा. आमच्या कुटुंबाचा संग्रह म्हणायचा तर तो हाच, बाबासाहेबांच्या चौकटीची खालची कड.

फोटो स्टुडिओविषयीही लिहिले पाहिजे. तालुक्याच्या स्टुडिओत मागे रंगवलेला पडदा असे, बंगला, जिना, फुलांची कुंडी. आणि खुंटीला टांगलेला एक कोट, एक टाय. तो कोट सगळ्यांनी घालायचा. शेतमजूर यायचा, धोतरावर कोट चढवायचा, छाती पुढे काढायचा. शहरी लोकांना याचे हसू येते. मला येत नाही. ज्याच्या आज्याला गावात चपला हातात घ्याव्या लागत, त्याने दोन मिनिटांसाठी भाड्याच्या कोटात उभे राहणे हा नट्टापट्टा नव्हता. बाबासाहेब कोट घालतात, मग मीही घालीन, इतके सरळ राजकारण त्यात होते. समीक्षकांनी आत्मकथनांवर ग्रंथ लिहिले; या कोटाच्या फोटोंवर दोन पाने तरी लिहायला हवी होती. या दिशेचे काम इंग्रजीत गॅरी टार्टाकोव्ह यांनी संपादित केलेल्या २०१२ च्या ग्रंथात दलित कला आणि प्रतिमांविषयी झाले आहे. मराठीत ते विखुरलेले आहे.

हे फोटो गेले कुठे? काही वाळवीने खाल्ले, काही पावसाने धुतले. पण सगळा दोष वाळवीचा नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ रोजी झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. घर जळते तेव्हा धान्य, भांडी, कपडे यांचा पंचनामा होतो. भिंतीवरच्या चौकटीचा होत नाही. आजोबांचा एकुलता एक फोटो जळाला ही नोंद कुठल्या तक्त्यात बसवणार? पुढे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, भूकंप झाला. किल्लारी शेजारच्या लातूर जिल्ह्यात, पण आमच्या बाजूचे सास्तूर आणि उमरगा-लोहारा भागातली गावेही मातीत गेली. दगडमातीच्या जाड भिंती माणसांवर पडल्या, तशा तसबिरींवरही. त्यानंतर कॅमेरे घेऊन जगभरची माणसे आली. त्यांनी काढलेली चित्रे आजही शोधली की पहिल्यांदा पुढे येतात. आमच्या भागाचे नाव घालावे आणि ढिगारा दिसावा, हेही एक चमत्कारिक वास्तव आहे. जिवंत गावाचे, लग्नाचे, सभेचे चित्र त्याखाली दबले आहे.

जे उरले ते जमवणाऱ्यांचे ऋण मोठे आहे. नामदेवराव व्हटकरांनी ७ डिसेंबर १९५६ ची अंत्ययात्रा पदरमोड करून चलच्चित्रात टिपली. सरकारी यंत्रणेच्या हाती सर्व साधने होती, पण काम एका माणसाने स्वतःला पणाला लावून केले. कल्याणचे विजय सुरवाडे यांनी आयुष्यभर बाबासाहेबांची छायाचित्रे आणि कागद जमवले; आज आपल्या मोबाइलवर येणाऱ्या कितीतरी चित्रांचा उगम अशा एकट्यादुकट्याच्या पिशवीत आहे, हे पाठवणाऱ्याला ठाऊक नसते. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ १९८९ साली सिद्ध केला. त्या दोघी गावोगावी, चाळीचाळींतून आंबेडकरी चळवळीतल्या बायकांपर्यंत गेल्या, त्यांच्याच तोंडून हकिकती घेतल्या. त्या ग्रंथानंतर चळवळीचा जुना फोटो पाहताना लुगड्यातल्या बाईला 'आणि महिला कार्यकर्त्या' म्हणून मोकळे होता येत नाही. तिला नाव होते, हे आता सिद्ध झाले आहे.

अशा जमवणाऱ्याचे एक उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे, जरी ते आपल्या चळवळीतले नव्हे. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे. तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचे नाव आहे, आणि इथला माल गाड्यांवर लादून भडोचला जाई असे त्यात म्हटले आहे. पांढरीच्या टेकाडांवर पाऊस झाला की मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या उघड्या पडत. लामतुऱ्यांनी त्या वर्षानुवर्षे जमवल्या आणि पुढे शासनाला दिल्या. तेरचे संग्रहालय त्यांच्याच नावाने आहे. त्यात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. इटलीत पाँपेई येथे, जे शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेले, तिथे १९३८ साली हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिचे आणि तेरच्या मूर्तीचे साम्य अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. हस्तिदंत कोरणारा तो कारागीर कोण होता? त्याचेही नाव नाही.

तेरचे मला आणखी एका कारणासाठी महत्त्व वाटते. तिथले त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ मुळात बौद्ध चैत्यगृह होते, हे हेन्री कझिन्स यांनी पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३ च्या अहवालात मांडले. मागची गोलाकार बाजू आणि गजपृष्ठाकार छप्पर पाहिले की कार्ल्या-भाज्याला गेलेल्या कोणालाही ते उमगेल. पुढच्या उत्खननांत विटांच्या स्तूपाचे अवशेषही मिळाले. माझ्या तरुणपणी हा अहवाल पाहायचा तर मोठ्या शहरातल्या ग्रंथालयात ओळखपत्र, शिफारस आणि ग्रंथपालाचा मूड या तिन्हींची जुळणी लागे. एका कार्यालयात तर मला 'तुम्हाला कशाला हवे?' असे विचारले गेले होते, आणि त्या 'तुम्हाला'चा अर्थ मला कळला होता. आज तसले जुने अहवाल नकाशांसह, छायाचित्रांसह मोबाइलवर वाचता येतात. माझे विद्यार्थी त्या देवळासमोर उभे राहून शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची माहिती आणि समोरची भिंत ताडून पाहतात. हा बदल लहान नाही. ज्ञानाच्या दारावरचा एक पहारेकरी तरी उठला.

म्हणून या नव्या साधनाला नावे ठेवणाऱ्यांत मी नाही. तडवळ्याचे चित्र मला मोबाइलनेच दिले. नंतर ते मला खुल्या चित्रभांडारातही सापडले, जिथे कोणीही ते घ्यावे, छापावे अशी मुभा आहे. कायद्यानेही ते सर्वांचे आहे. १९१४ च्या कायद्याप्रमाणे छायाचित्राचा हक्क निगेटिव्ह तयार झाल्यापासून ५० वर्षांचा होता, म्हणजे १९४१ च्या चित्राचा हक्क केव्हाच सरला. तरीही माझ्याकडे आलेल्या एका प्रतीवर कोणा मंडळाचा शिक्का आडवा मारलेला होता, बाबासाहेबांच्या खांद्यावरून थेट शेजारच्या कार्यकर्त्याच्या तोंडावर. ज्याने वतन मोडायला परिषद भरवली, त्याच्याच चेहऱ्यावर वतनदारी. मला आधी हसू आले, मग राग.

शोधायचे म्हटले तर अडचण नावांचीच. इंग्रजी अक्षरांत तडवळ्याची चार-पाच रूपे होतात. जिल्ह्याचे नाव शेवटच्या निजामावरून उस्मानाबाद होते, २०२३ पासून सरकारदप्तरी धाराशिव. जुने चित्र जुन्या नावाखाली आहे, नवा विद्यार्थी नव्या नावाने शोधतो, आणि हाती काही लागत नाही म्हणून आमच्याकडे काही घडलेच नाही असे समजतो. मी मुलांना सांगतो, दोन्ही नावांनी शोधा, आणि मिळाले की दोन्ही नावे लिहा.

यापेक्षा गंभीर गोष्ट दुसरीच आहे. जुने धूसर चित्र स्वच्छ करून देणारी, त्यात रंग भरून देणारी यंत्रे आता प्रत्येकाच्या हातात आहेत. एका उत्साही कार्यकर्त्याने तडवळ्याचे चित्र असे स्वच्छ करून पाठवले. कोट निळा झाला, आकाश निळे झाले. चेहरे लख्ख. मी मूळ प्रत शेजारी ठेवून पाहिली. बाबासाहेब बाबासाहेबच होते. त्यांचे असंख्य फोटो जगात आहेत. मागच्या माणसाचा चेहरा मात्र मुळात नखाएवढा, पुसट. यंत्राने तिथे नवे डोळे, नवे नाक बसवले होते. तो माणूस कोणीच नाही. तडवळ्यात तसा माणूस कधी जन्मला नाही. खऱ्या कार्यकर्त्याला बाजूला सारून हा कोरा, गुळगुळीत इसम बाबासाहेबांजवळ येऊन उभा राहिला होता, आणि चारशे जणांनी त्याला हात जोडले होते. त्याचा नातू हे चित्र पाहील तेव्हा आजोबा त्याला कसा ओळखू येणार?

मी हे त्या कार्यकर्त्याला बोललो. तो म्हणाला, "सर, बाबासाहेबांचा चेहरा नीट आहे ना? मग झालं." त्याच्या निष्ठेबद्दल मला शंका नाही. पण बाबासाहेबांच्या चेहऱ्यावर कधीच संकट नव्हते. संकट आहे ते भोवतीच्या माणसांवर. एका महापुरुषाभोवती निनावी गर्दी, ही इतिहास पाहण्याची रीत आपली नव्हे. ती बखरींची रीत आहे. ज्यांनी वर्गणी काढली, गाड्या जुंपल्या, मांडवाच्या मेढी रोवल्या आणि परिषद संपल्यावर गावाच्या बहिष्काराला तोंड दिले, त्यांना आपण गर्दी म्हणायचे असेल तर इंग्रजांच्या त्या आठ खंडांना दोष कशाला द्यायचा? त्यांनी निदान जात तरी लिहिली होती.

आपल्यातले काही जण आज वेगळे काम करीत आहेत. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढले ते गटारात उतरलेली पाठ एवढेच दाखवायला नव्हे. त्या माणसाच्या घरापर्यंत, बायको-मुलांपर्यंत ते गेले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण अशा नामवंतांची वाट पाहत बसायचे कारण नाही. प्रत्येक वस्तीत मोबाइल आहे, आणि चौकटीच्या कडेला खोचलेले फोटो अजून थोडे उरले आहेत.

गेल्या फेब्रुवारीत मी चित्राची कागदावर छापलेली मोठी प्रत घेऊन तडवळ्याला गेलो. यंत्राने न सुधारलेली, होती तशी धूसर. शाळेजवळ पारावर काही म्हातारी माणसे बसली होती. त्यांतल्या एकाने प्रत मांडीवर घेतली, चष्मा पुसला आणि बराच वेळ पाहिली. परिषदेच्या वेळी ते जन्मलेही नव्हते. पण बापाकडून, चुलत्याकडून ऐकलेले होते. त्यांचे बोट एका चेहऱ्यापाशी थांबले.

"गुरुजी, नाव सांगतो," ते म्हणाले, "पर मी नाव सांगून काय, ते फोटोसंगं जाणार हाय का? ह्याच्या आधी दोघंजण इचारून गेले. नावं लिहून नेली. पुन्हा फोटो आला तवा खाली काय बी नव्हतं."

माझ्याकडे उत्तर नव्हते. मग आम्ही एक केले. प्रतीच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने प्रत्येक चेहऱ्याची जागा गोल करून आखली, आकडे घातले, आणि त्यांनी सांगितले तेवढी नावे लिहिली. सांगणाऱ्याचे नाव, कोणाकडून ऐकले ते आणि तारीखही लिहिली. जिथे दोघांचे मत जुळेना तिथे दोन्ही नावे ठेवली. मांगवाड्यातल्या एका आजींना मुद्दाम बोलावून आणले; त्यांनी एक नाव खोडायला लावले आणि एक नवे घातले, त्यावर पारावर अर्धा तास वाद झाला. बहुतेक गोल रिकामेच राहिले. मग पुढची बाजू आणि मागची बाजू शेजारी शेजारी ठेवून एकाच चौकटीत फोटो काढला, म्हणजे कोणी पुढे पाठवला तर दोन्ही बरोबर जातील. तो आम्ही ज्याला त्याला पाठवला. महिनाभराने तो मला लातूरच्या एका गटातून परत आला. उजवी बाजू, नावांची, अजून त्याला चिकटून होती.

रिकाम्या गोलांपैकी एकात कोणीतरी, मला ठाऊक नाही कोणी, आणखी एक नाव भरले होते.